सांत्वन नावाचा दंड

'भागीचे घोडे किवणाने मेले' अशी एक जुनी म्हण आपल्या भाषेत आहे. घोडे चौघांच्या मालकीचे. त्याच्या पाठीवर जखम झाली तर ती धुण्याची जबाबदारी नेमकी कोणाची, हे ठरलेले नसते. प्रत्येक जण दुसऱ्याची वाट पाहतो आणि अखेरीस घोडे मरते. जे सर्वांचे असते ते कोणाचेच नसते, हा अनुभव आपल्या पूर्वजांनी या चार शब्दांत साठवून ठेवला आहे. गावची सामाईक विहीर, लग्नकार्याला काढायची मोठी भांडी, मांडवाचे बांबू, सणाच्या मिरवणुकीतील वाद्ये अशा वस्तू सांभाळणाऱ्या कोणालाही विचारा. दरवर्षी एखादे पातेले कमी भरते, झाऱ्याचा दांडा मोडलेला सापडतो आणि तो कोणाच्या हातून मोडला हे कोणालाच ठाऊक नसते.

म्हणून सामाईक वस्तूंभोवती नियम येतात. नियम आले की ते मोडणारे येतात आणि त्यांच्या पाठोपाठ शिक्षेचा प्रश्न उभा राहतो. परंतु जिथे सर्व समान आहेत, कोणी कोणाचा मालक नाही की न्यायाधीश नाही, तिथे शिक्षा करायची कोणी? अशा वेळी माणूस एक सोपी वाट शोधतो. तो शिक्षा करीत नाही, शिक्षेचा विनोद करतो. वरवर निरुपद्रवी वाटणाऱ्या या विनोदाचा नैतिक अंगाने विचार करावा, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

या प्रश्नाचे रूप सामुदायिक कार्यशाळेत अगदी स्पष्ट दिसते. अशी कार्यशाळा ही कल्पना आज आपल्याला अपरिचित नाही. पुणे जिल्ह्यातील पाबळ येथे डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली विज्ञान आश्रमाची स्थापना केली. हाताने काम करता करता शिकावे, हे त्यामागील सूत्र होते. तेथेच २००२ साली 'फॅब लॅब' म्हणजे संगणकाच्या साहाय्याने चालणारी यंत्रे सामान्य माणसालाही हाताळता यावीत अशी कार्यशाळा सुरू झाली. परदेशांतील अनेक शहरांत तर वर्गणी भरून सभासद व्हायचे आणि लेथ, यांत्रिक करवत, वेल्डिंगचा संच हे सारे मिळून वापरायचे अशा कार्यशाळा चालतात. जे यंत्र एकट्याला परवडत नाही ते पन्नास जणांना मिळून परवडते. हे एक सुंदर सहजीवन आहे, यात शंका नाही.

अशा ठिकाणच्या भिंतींवर दोन प्रकारच्या सूचना असू शकतात. एक सरळ असते : 'काम झाल्यावर हत्यार जागेवर ठेवावे.' तिच्या शेजारी कोणीतरी गमतीने दुसरी लावलेली असते : 'हत्यार जागेवर न ठेवणाऱ्यास त्याच हत्याराने दुरुस्त करण्यात येईल.' पटाशीने रंगाचा डबा उघडणाऱ्याची नखे रंध्याने तासण्यात येतील, उशिरा कुलूप लावणाऱ्यास आतच कोंडण्यात येईल, अशा शिक्षांची यादी पाहता पाहता वाढत जाते. येणारा-जाणारा वाचतो, हसतो आणि कामाला लागतो. यात वाईट ते काय?

प्रथम या विनोदाच्या बाजूने जे म्हणता येईल ते प्रामाणिकपणे म्हटले पाहिजे. हसणे हा काही दुर्गुण नव्हे. तेराव्या शतकातील महान ईशज्ञानी संत थॉमस अक्वायनस यांनी आपल्या 'सुम्मा' या ग्रंथात विनोदाला सद्गुणाचे स्थान दिले आहे. धनुष्य सतत ताणून ठेवले तर ते मोडते, तसे मनही सतत ताणलेले राहू शकत नाही. त्याला विसावा हवा. जो माणूस कधी हसत नाही आणि दुसऱ्याच्या हसण्यालाही आडवा येतो तो इतरांना भार होतो आणि हासुद्धा एक दोष आहे, असे ते स्पष्टपणे सांगतात. विनोदाला त्यांनी मर्यादा घातल्या त्या एवढ्याच : तो असभ्य किंवा इजा करणारा नसावा, त्यात मनाचा तोल पूर्णपणे सुटू नये आणि तो व्यक्ती, काळ व स्थळ यांना शोभणारा असावा.

शिवाय या अतिशयोक्तीत एक प्रकारची नम्रताही असू शकते. नखे तासण्याची धमकी देणारा खरे तर असे सुचवीत असतो की, 'बाबांनो, तुम्हाला शिक्षा करण्याचा अधिकार मला नाही, हे मला ठाऊक आहे. पण कृपा करून एवढे ऐका.' कोरड्या, करड्या हुकुमापेक्षा अशी सूचना अधिक माणुसकीची वाटते. शिक्षा जितकी अशक्य, तितका विनोद निर्धोक. हे सारे मान्य करूनच पुढे जायला हवे. प्रश्न असा आहे की हा विनोद याच जागी थांबतो का?

या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी एका जुन्या कार्यशाळेत डोकावू या. इंग्लंडमधील जोसेफ मॉक्सन या गृहस्थांनी १६८३-८४ मध्ये मुद्रणकलेवर एक सविस्तर ग्रंथ प्रसिद्ध केला. आपल्याकडे भारतातील पहिला छापखाना जेझुइट धर्मगुरूंनी १५५६ साली गोव्यात सुरू केला, तेव्हापासून हा व्यवसाय आपल्याही परिचयाचा आहे. खिळे जुळवणे, शाई लावणे, दाब देणे ही सर्व कामे मॉक्सन बारकाईने वर्णन करतात आणि ग्रंथाच्या शेवटी छापखान्यातील कामगारांच्या जुन्या चालीरीती सांगतात. लंडनचे कामगार आपल्या छापखान्याला 'चॅपेल', म्हणजे प्रार्थनामंदिर, म्हणत. धार्मिक ग्रंथ तेथून बाहेर पडतात म्हणून पूर्वी एखाद्या थोर धर्माधिकाऱ्याने हे नाव दिले असावे, असा मॉक्सन यांचा तर्क आहे. कामगारांतील सर्वांत जुना सभासद हा 'चॅपेलचा पिता' असे. ही पदवी ब्रिटनमधील मुद्रण कामगारांच्या संघटनांत विसाव्या शतकातही रूढ होती.

या चॅपेलचे स्वतःचे नियम होते आणि त्यांतील बहुतेक शहाणपणाचे होते. शिवीगाळ करू नये, मारामारी करू नये, दारू पिऊन कामावर येऊ नये, रात्री मेणबत्ती पेटती ठेवून जाऊ नये. कागदाने भरलेल्या लाकडी इमारतीत हा शेवटचा नियम किती जीवनमरणाचा होता हे सांगायला नको. १६६६ च्या प्रचंड आगीत लंडन शहराचा मोठा भाग जळून गेला होता. नियम मोडणाऱ्यास दंड होई. तो अपराधानुसार अर्ध्या पेनीपासून बारा पेनीपर्यंत असे आणि जमलेली रक्कम सर्वांच्या खानपानावर खर्च होई. या दंडाला कामगारांनी नाव दिले होते 'सॉलेस', म्हणजे सांत्वन!

येथवर सारे हसण्यासारखेच आहे. परंतु एखाद्याने 'सांत्वन' भरायला नकार दिला तर? तर त्याचे सोबती त्याला बळजबरीने धरून, ज्या दगडी फरशीवर छपाईची पाने दुरुस्त करीत त्या फरशीवर पालथे पाडीत. दोघे-चौघे त्याला दाबून धरीत आणि एक जण कागदाच्या फळीने त्याच्या पार्श्वभागावर अकरा फटके मारी. या शिक्षेलाही विनोदी नाव होते : 'दहा पौंड आणि वर एक बटवा.' दहा पौंड म्हणजे दहा फटके, बटवा म्हणजे अकरावा. फटका किती जोराचा असावा हे कोणत्याही नियमात लिहिलेले नव्हते. ते मारणाऱ्याच्या दयेवर सोडलेले होते. आणि मॉक्सन पुढे शांतपणे नोंदवतात की, साधारण पन्नास वर्षांपूर्वी एका कामगाराचे असे 'सांत्वन' इतक्या जोराने केले गेले की त्याला लघवीतून रक्त गेले आणि थोड्याच काळात तो मरण पावला, अशी हकिकत परंपरेने सांगितली जाते.

त्या कामगाराचे नाव मॉक्सन देत नाहीत. त्याला मारावे अशी कोणाची इच्छा असेल असेही वाटत नाही. सोबतीच ते, एकाच छताखाली काम करणारे, एकाच पेल्यातून पिणारे. मस्करीची कुस्करी झाली, एवढेच. परंतु ती कशी झाली, याच्या पायऱ्या पाहण्यासारख्या आहेत.

पहिली पायरी नावाची. दंडाला 'सांत्वन' आणि फटक्यांना 'दहा पौंड' म्हटले की हातून काय घडते आहे हे हाताला कळेनासे होते. 'याला अकरा फटके मारू या' असे सरळ शब्दांत म्हणावे लागले असते तर कदाचित एखाद्याने विचारले असते, 'अकरा का? आणि का म्हणून?' विनोदी नाव हा प्रश्न विचारू देत नाही. जो विचारील त्याला 'गंमत कळत नाही' असे म्हणता येते.

दुसरी पायरी सुनावणीची. चॅपेलमधील तंटे बहुमताने तोडले जात आणि चॅपेलची कधी चूक होऊ शकत नाही असे एक सूत्रच कामगारांनी ठरवून ठेवले होते. आपल्याकडे 'पाचामुखी परमेश्वर' म्हणतात तसेच हे. पाच जणांचे एकमत झाले की त्यात शहाणपण असण्याचा संभव वाढतो हे खरे. पण पाच जण एकदम हसू लागले की त्यात परमेश्वर असतोच असे नाही. हसणाऱ्या बहुमतापुढे एकट्याने आपली बाजू मांडायची कशी? त्याने कारण सांगितले तर ते नव्या विनोदाचे निमित्त होते.

तिसरी पायरी म्हणजे नवख्याची शिकार. बाहेरून येणाऱ्यांसाठी चॅपेलमध्ये काही खास दंड होते. छापखान्यात जुळवलेले खिळे ठेवण्याच्या लांबट तबकाला 'गॅली' म्हणतात आणि वल्ह्यांच्या जुन्या जहाजालाही इंग्रजीत तेच नाव आहे. एखाद्या अनोळखी माणसाने येऊन खिळे जुळणाऱ्याला, 'समुद्रावरच्या अमुक गॅलीची काही बातमी?' असे विचारले की त्याला दंड होई. हा प्रश्न विचारायला त्या बिचाऱ्याला पाठवी कोण? तर चॅपेलच्या चालीरीती ठाऊक असलेलाच कोणीतरी, त्याची फजिती व्हावी म्हणून. ज्या दंडाची सुरुवात आगीपासून बचाव करण्यासाठी झाली तो अखेरीस अपराध नसलेल्यांसाठी अपराध निर्माण करू लागला. शिक्षेत मौज वाटू लागली की शिक्षेला पात्र माणसे कमी पडू लागतात.

चौथी पायरी कर्ता नाहीसा होण्याची. बेंजामिन फ्रँकलिन पुढे अमेरिकेचे थोर मुत्सद्दी झाले; पण विशीच्या उंबरठ्यावर असताना, १७२५-२६ च्या सुमारास, ते लंडनच्या एका छापखान्यात काम करीत होते. दाबयंत्राच्या खोलीतून खिळे जुळवण्याच्या खोलीत त्यांची बदली झाली तेव्हा तेथील कामगारांनी नव्याने प्रवेशाचे पाच शिलिंग मागितले. एकदा भरले असताना पुन्हा का, म्हणून त्यांनी नकार दिला. मालकानेही देऊ नका असेच सांगितले. मग दोन-तीन आठवडे ते वाळीत पडले. क्षणभर खोलीबाहेर गेले की त्यांचे खिळे एकमेकांत मिसळलेले असत, पाने उलटसुलट झालेली असत, जुळणी मोडलेली असे. हे कोणी केले, असे विचारले की सर्व जण एकच उत्तर देत : चॅपेलच्या भुताने! रीतसर प्रवेश न घेतलेल्यांना ते भूत छळते म्हणे. अखेर फ्रँकलिन यांनी पैसे भरले. ज्यांच्याबरोबर रोज राहायचे त्यांच्याशी वैर बाळगणे मूर्खपणाचे, असा निष्कर्ष त्यांनी आपल्या आत्मचरित्रात काढला आहे. शिक्षा झाली, पण शिक्षा करणारा कोणीच नव्हता. भुताकडून क्षमा मागता येत नाही आणि भुताला जाबही विचारता येत नाही.

कोणी म्हणेल, 'फादर, ही मारहाणीची गोष्ट झाली. आम्ही तर फक्त शब्दांनी गंमत करतो.' हा आक्षेप रास्त आहे आणि त्याचे उत्तर शब्दांच्याच बाबतीत दिले पाहिजे.

शब्दांविषयी संत थॉमस अक्वायनस यांनी केलेला एक भेद फार सूक्ष्म आहे. अपमान करणे, पाठीमागे निंदा करणे आणि उपहास करणे या तीन गोष्टी ते वेगळ्या काढतात. उपहासाचा हेतू समोरच्याला लाजवण्याचा असतो. दोष किरकोळ असेल आणि आपण त्या दोषाला हसत असू, तर ते मोठे पाप नव्हे. परंतु माणसालाच इतका क्षुल्लक मानले की त्याचे दुःख दखल घेण्याजोगे न वाटता खेळाचा विषय वाटावे, तर तो उपहास उघड अपमानापेक्षाही गंभीर ठरतो. कारण अपमान करणारा निदान समोरच्याचे वाईट गांभीर्याने घेतो. उपहास करणारा त्याचा खेळ करतो. रागावणारा माणूस आपल्याला काहीतरी मोल देतो, हसून उडवणारा तेवढेही देत नाही. 'तुमचा खेळ होतो, पण आमचा जीव जातो' असे बेडकांनी मुलांना सांगितल्याची गोष्ट आपण बालपणी ऐकली आहे. तिचा अर्थ हाच.

म्हणजे खरी रेषा शब्द आणि फटका यांच्यामधून जात नाही. ती दोष आणि दोषी यांच्यामधून जाते. 'हत्यार जागेवर न ठेवणाऱ्यास...' ही सूचना सर्वांसाठी आहे. लावणाराही तिच्या कक्षेत येतो. त्याच सूचनेखाली दुसऱ्या दिवशी कोणी पेन्सिलीने एक नाव लिहिले की तिचे स्वरूप पालटते. तिसऱ्या दिवशी त्या नावाचे टोपणनाव होते. महिन्याभराने हत्यार कोणाच्याही हातून हरवो, बोट त्याच माणसाकडे जाते. न्यायालयाने दिलेली शिक्षा भोगून संपते. विनोदातल्या शिक्षेला शेवटची तारीख नसते.

आणखी एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. बंधूचा अपराध दिसला तर काय करावे याचा क्रम प्रभू येशूने संत मत्तयच्या शुभवर्तमानातील अठराव्या अध्यायात घालून दिला आहे. आधी त्याला एकांतात गाठावे. ऐकले नाही तर एक-दोघांना सोबत न्यावे. तरीही ऐकले नाही तरच मंडळीला सांगावे. विनोदातली शिक्षा हा क्रम उलटा करते. ती मंडळीपासून सुरुवात करते, मग एक-दोघे त्याच्यापर्यंत ती बातमी पोहोचवतात आणि एकांतात त्याला गाठायला कोणीच जात नाही. आपण त्याला 'सांगितले' असे सर्वांना वाटते. प्रत्यक्षात त्याच्याशी कोणी बोललेलेच नसते. फलकावर विनोद लिहायला जेवढे धैर्य लागते त्याच्या कितीतरी पट धैर्य त्याच्या शेजारी जाऊन, 'काल ते यंत्र तुझ्याकडून बंद करायचे राहिले का रे?' असे विचारायला लागते. या धैर्याच्या अभावालाच कधी कधी आपण विनोदबुद्धी म्हणतो.

प्रभूच्या दुःखसहनात शिपायांनी केलेली थट्टा आपण दर उपवासकाळात ऐकतो. जांभळा झगा, काट्यांचा मुकुट, हातात वेताची काठी, पुढे गुडघे टेकणे. डोळे बांधून 'कोणी मारले ते ओळख' म्हणणे हाही एक खेळच. अशी चेष्टा करा, अशी आज्ञा त्यांना कोणी दिल्याची नोंद शुभवर्तमानांत नाही. शिक्षा न्यायासनावरून आली. थट्टा ही त्यांची स्वतःची भर होती. आपल्या कार्यशाळेतील गमतीची त्या प्रसंगाशी बरोबरी करणे अन्यायाचे होईल आणि मी ती करीत नाही. मात्र शिक्षेत हास्य मिसळले की माणूस आज्ञेपेक्षा पुढे जातो, एवढे त्या शिपायांकडून शिकता येते.

आता या प्रश्नाची अगदी व्यावहारिक बाजू पाहू. कारण कार्यशाळेत प्रश्न केवळ मन दुखावण्याचा नसतो, हातापायांचा आणि डोळ्यांचाही असतो. धार लावण्याच्या यंत्राचे दगडी चाक घ्या. ते हातातून निसटून फरशीवर पडले तर त्याला बारीक तडा जाऊ शकतो. हा तडा डोळ्यांना दिसेलच असे नाही. म्हणून जाणकार कारागीर चाक बसवण्यापूर्वी ते अधांतरी धरून हलकेच वाजवून पाहतात. आपल्या आया बाजारात मडके जसे वाजवून घेत तसेच. खणखणीत आवाज आला तर चाक चांगले, बद्द आवाज आला तर टाकाऊ. तडकलेले चाक वेगाने फिरू लागले की फुटू शकते आणि त्याचे तुकडे समोर उभ्या असलेल्याच्या तोंडावर येतात.

आता कल्पना करा, एखाद्या नवख्या मुलाच्या हातून ते चाक पडले. खोलीत कोणी नाही. गेल्याच आठवड्यात ड्रिलचे पाते मोडणाऱ्या एकाची सर्वांनी कशी उडवली हे त्याने पाहिले आहे, तोही त्या हसण्यात सामील होता. तो काय करील? चाक उचलून, पुसून, गुपचूप जागेवर ठेवील. यंत्र सुरू करणारा पुढचा माणूस कोणीही असेल. कदाचित सर्वांत मोठ्याने हसणाराच असेल. हसणाऱ्यांच्या सभेत चूक कबूल केली जात नाही. आणि जिथे चूक कबूल केली जात नाही तिथे प्रत्येक यंत्र संशयास्पद होते.

या बाबतीत सहाव्या शतकातील संत बेनेडिक्ट यांची दृष्टी चकित करणारी आहे. त्यांचा मठ ही एक सामुदायिक कार्यशाळाच होती : स्वयंपाकघर, कोठार, भटारखाना, बाग, नाना प्रकारचे उद्योग आणि कोणाच्याही खासगी मालकीचे काहीही नाही. मठाची सर्व भांडी आणि वस्तू वेदीवरील पवित्र पात्रांसारख्या मानाव्यात, असे त्यांनी कोठारप्रमुखाला बजावले. हत्यारांची यादी मठाधिपतीने ठेवावी, कोणाला काय दिले आणि काय परत आले हे त्याला ठाऊक असावे, अशीही योजना केली. आणि आपल्या नियमाच्या ४६ व्या प्रकरणात ते म्हणतात की काम करताना कोणाच्या हातून काही मोडले वा हरवले तर त्याने ताबडतोब, आपण होऊन, मठाधिपती व मंडळी यांच्यासमोर येऊन ते सांगावे. स्वतः न सांगता दुसऱ्याकडून कळले तर शिक्षा अधिक कडक. मात्र दोष मनाच्या आत दडलेला असेल तर तो चव्हाट्यावर मांडू नये; आपल्या आणि दुसऱ्याच्या जखमा उघड्या न करता बऱ्या करणे ज्यांना जमते अशा वडीलधाऱ्यांनाच सांगावा.

बेनेडिक्ट यांच्या नियमात फटक्यांचीही तरतूद आहे, हे लपवण्याचे कारण नाही; तो काळच तसा होता. परंतु त्याआधी दोनदा खासगीत समज, मग सर्वांसमक्ष समज, मग पंगतीतून आणि प्रार्थनेतून दूर ठेवणे, असा क्रम आहे आणि अपराधाच्या मानाने शिक्षेचे माप आहे. शिक्षा कोण करतो हे उघड आहे, ती कशासाठी हे उघड आहे आणि ती केव्हा संपते हेही उघड आहे. छापखान्यातील चॅपेलमध्ये माप मारणाऱ्याच्या लहरीवर होते आणि मारणारा भूत होता. दोहोंत हाच फरक आहे. ज्याने आपण होऊन सांगितले त्याला सवलत मिळावी, हे शहाणपण जगाला कालांतराने पुन्हा शोधावे लागले. अमेरिकेत १९७६ पासून वैमानिकांना आपल्या हातून झालेल्या चुका गोपनीयतेच्या हमीने कळवता येतात आणि त्यांतून इतरांना धोक्याची सूचना मिळते. मोठ्या यंत्रांशी व्यवहार करणाऱ्यांना हे कळून चुकले आहे की लाजेपोटी लपलेली चूक ही उघड चुकीपेक्षा महाग पडते.

मग कार्यशाळेतील विनोदी फलक काढून टाकावेत का? मला तसे वाटत नाही. हसण्याशिवाय सहजीवन कोमेजते. परंतु लावणाऱ्याने स्वतःला काही प्रश्न विचारून पाहावेत. हा विनोद ऐकून ज्याच्या हातून चूक झाली तोही मनापासून हसू शकेल का? हाच विनोद मी येथील सर्वांत वजनदार माणसावर करीन का, की तो नेहमी नवख्यावर, गरिबावर आणि उलट न बोलणाऱ्यावरच पडतो? आणि हसून झाल्यावर त्याच्याजवळ जाऊन बोलायला मी तयार आहे का? या तिन्हींची उत्तरे होकारार्थी असतील तर खुशाल हसावे.

त्याचबरोबर काही साध्या गोष्टी करता येतात. दंड ठेवायचाच असेल तर तो लहान, आधी ठरलेला आणि सर्वांना सारखा असावा. लेथची चावी यंत्रात अडकवून ठेवणाऱ्याने सर्वांना चहा पाजावा, मग तो काल आलेला मुलगा असो की कार्यशाळेचा संस्थापक. चहा पिऊन झाला की विषय संपला. पुढच्या आठवड्यात त्याची आठवण निघू नये. दाराशी एक वही टांगलेली असावी. काय मोडले, काय पडले, काय बिघडल्यासारखे वाटते ते तीत लिहावे आणि लिहिणाऱ्याला कोणी नावे ठेवू नयेत. यांतील एकही गोष्ट अवघड नाही. आपल्या धर्मग्रामाच्या स्वयंपाकघरात, युवक मंडळाच्या साहित्याच्या खोलीत, घरातल्या घरात भावंडांमध्येही हे करून पाहता येईल. पेला फोडणाऱ्या मुलाचे नाव 'फोड्या' ठेवणाऱ्या घरात पुढचा पेला फुटल्यावर त्याच्या काचा कपाटाखाली सापडतात.

लंडनच्या कामगारांनी आपल्या दंडाला 'सांत्वन' म्हटले, ते थट्टेने. बेनेडिक्ट यांच्या नियमातही शिक्षेच्या संदर्भात सांत्वनाचा उल्लेख येतो, पण वेगळ्या अर्थाने. एखाद्या बंधूला शिक्षा म्हणून मंडळीपासून दूर ठेवले असेल, तर मठाधिपतीने काही प्रौढ व समंजस बंधूंना त्याच्याकडे गुपचूप पाठवावे, त्यांनी त्याला धीर द्यावा, त्याचे सांत्वन करावे आणि परत येण्यास मदत करावी, असे २७ वे प्रकरण सांगते. शिक्षा झालेला माणूस दुःखाच्या भाराखाली बुडून जाऊ नये, ही प्रेषित पौलाची काळजी त्यामागे आहे. म्हणजे शिक्षा देणाऱ्याचे काम शिक्षा दिल्यावर संपत नाही. त्या माणसाला परत आणण्याचे अर्धे काम तेथून सुरू होते. विनोदातल्या शिक्षेला या दुसऱ्या अर्ध्याची आठवण राहत नाही, कारण आपण कोणाला शिक्षा केली आहे हेच ती मानत नाही. पुढच्या वेळी आपण सर्वांबरोबर एखाद्याच्या चुकीला हसू, तेव्हा हसणे ओसरल्यावर त्या माणसाच्या शेजारी कोण जाऊन बसले आहे, हे मान वळवून पाहावे. आणि कोणीच नसेल तर आपण जावे.